वेग आणि पकड

नवी मोटार दृष्टीस पडली, की आमचे विद्यार्थी प्रथम विचारतात, "ही ताशी किती धावते?" आमच्या मते हा प्रश्न अपुरा आहे.

टाटा मोटर्सने २०१७ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात 'रेसमो' ही दोन आसनांची छोटी मोटार मांडली होती. इंजिन अवघे १.२ लिटरचे, तीन सिलिंडरांचे. पण टर्बोचार्जरच्या जोरावर शक्ती १९० अश्वशक्तीची! ही मोटार पुढे विक्रीस आली नाही. तथापि तिची रचना अभ्यासण्याजोगी आहे. तिचे इंजिन आसनांच्या पाठीमागे, गाडीच्या मध्याजवळ बसविलेले होते. जड भाग मध्याजवळ असला म्हणजे गाडी चटकन वळते. मात्र चाके एकदा घसरू लागली, की ती तितक्याच चटकन गरगर फिरते.

वळणावर गाडीस सांभाळते ती इंजिनाची शक्ती नव्हे, तर टायरांची पकड. वेग दुप्पट केला, तर त्याच वळणास चौपट पकड लागते. ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतरही चौपट होते. हा नियम शर्यतीच्या मोटारीस आहे, तसाच सुरतेच्या डुमस रस्त्यावरील स्कूटरलाही आहे. फरक इतकाच, की शर्यतीच्या मार्गात एखादे शाळकरी पोर आडवे येत नाही.

म्हणून भर रस्त्यात वेग दाखविण्यास आम्ही पराक्रम मानीत नाही. पकडीची मर्यादा ओळखून तिच्या आत राहणे, हेच खरे कौशल्य होय. विद्यार्थी मित्रहो, मोटार किती धावते हे अवश्य विचारा. पण ती किती अंतरात थांबते, हे त्याआधी विचारा.