चीर कुठून घेणार?

आमच्या सासूबाई भालकीला न्हाणीत घसरून पडल्या. "हेगलु होय्तु," म्हणजे खांदा गेला, एवढेच म्हणत राहिल्या. फोटोत दंडाचे हाड अगदी वर, खांद्यापाशी मोडलेले. कलबुर्गीच्या डॉक्टरांनी प्लेट सुचवली. घरच्यांचा प्रश्न एकच, स्टीलची की टायटॅनियमची? मी विचारले, चीर कुठून घेणार?

डॉक्टर खुलले. एक वाट पुढून, खांद्याच्या आणि छातीच्या स्नायूंमधल्या फटीतून. स्नायू चिरावा लागत नाही, पण मागचा तुकडा हाती लागणे अवघड. दुसरी बाजूने, खांद्याचा स्नायू उभा विलग करून. हाड समोरच दिसते. मात्र खांद्याच्या टोकाखाली ५ ते ७ सेंटिमीटरवर, म्हणजे तीन-चार बोटांवर, एक मज्जातंतू आडवा जातो. तो दुखावला तर हाड जुळूनही हात उचलणे कठीण. मला तरी पुढची वाट बरी वाटली.

आणि प्लेट नकोच म्हटले तर? २०१५ साली ब्रिटनमधल्या २५० रुग्णांच्या अभ्यासात, हाड सरकलेले असूनही, शस्त्रक्रिया आणि नुसती झोळी यांत दोन वर्षांनी फारसा फरक दिसला नाही, हेही त्यांनीच सांगितले. सासूबाईंचे तुकडे थोडेच सरकले होते. झोळी ठरली.

पुढे वाकून, हात लोंबता सोडून गोल फिरवायचा व्यायाम दिला, तेव्हा त्या म्हणाल्या, "हे तर बीसुवकल्लु की!" जाते त्यांनी जन्मभर फिरवले आहे.