नोटपॅडमधली भूमिती

आपल्या शाळांच्या जलशांत एक वाक्य हमखास ऐकू येते: अल्जेब्रा मुसलमानांनी जगाला दिला. नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या अल-ख्वारिझ्मीच्या ग्रंथाच्या नावातून ‘अल्जेब्रा’ आणि त्याच्या स्वतःच्या नावातून ‘अल्गोरिदम’ हे शब्द आले, हे खरेच आहे. टाळ्याही पडतात. पण त्याच शाळेच्या संगणकाच्या खोलीत मुले काय करत असतात? नाव टाइप करून ठळक करणे, तयार चित्रात रंग भरणे, संगणकाच्या भागांची नावे पाठ करणे. पूर्वजांनी रीत शोधली म्हणून आपण टाळ्या वाजवायच्या आणि मुलांना मात्र एकही रीत स्वतः रचू द्यायची नाही, हा विरोधाभास मला वर्षानुवर्षे सलतो आहे.

म्हणून एक साधी मागणी मांडतो. आठवीपासून संगणकाचा पहिला धडा एचटीएमएल आणि सीएसएस वापरून आकृत्या काढण्याचा असावा, आणि तो उर्दूत किंवा मराठीत शिकवला जावा.

खर्चाची सबब इथे चालत नाही. कोणत्याही जुन्या संगणकात नोटपॅड असते आणि ब्राउझर असतो. इंटरनेट लागत नाही, विकतचे सॉफ्टवेअर लागत नाही. टिम बर्नर्स-ली यांनी एचटीएमएल आणले आणि हॉकॉन व्यूम ली यांनी १९९४ मध्ये सीएसएसची कल्पना मांडली. या दोन्हींसाठी आजही कोणाला एक पैसा द्यावा लागत नाही.

आता यात शिकायला काय मिळते ते पाहू. एक डबा घ्या: रुंदी १००, उंची १००. चौरस झाला. त्याला बॉर्डर-रेडियस ५० टक्के द्या, वर्तुळ झाले. त्या वर्तुळाचा रंग काढून टाका आणि बॉक्स-शॅडो, म्हणजे सावली, थोडी उजवीकडे सरकवा. सावली फक्त आकृतीच्या बाहेर रंगते, आत नाही. त्यामुळे पडद्यावर चंद्रकोर उरते. चंद्रकोर म्हणजे एका वर्तुळातून दुसरे वर्तुळ वजा करणे, हे मुलाला सांगावे लागत नाही, ते त्याला दिसते.

मशिदींच्या आणि मकबऱ्यांच्या जाळ्यांतली अष्टकोनी चांदणी घ्या. दोन सारखे चौरस एकावर एक ठेवायचे आणि वरचा ४५ अंशांत फिरवायचा, झाली चांदणी. पण टोके कागदाच्या कडेला कापली जातात. किती जागा सोडायची? चौरसाची बाजू १०० असेल तर कर्ण सुमारे १४१, म्हणजे प्रत्येक बाजूला साधारण २१. हे पायथागोरसचे प्रमेयच आहे. ते पुस्तकात गुणांसाठी असते, इथे चांदणी वाचवण्यासाठी लागते.

आणि आपला तिरंगा? लांबी-रुंदीचे प्रमाण ३:२. रुंदी ३६० घेतली तर उंची २४०, प्रत्येक पट्टा ८०. अशोकचक्रात २४ आरे, म्हणजे दोन आऱ्यांत १५ अंश. केंद्रातून आरपार जाणारी रेष घेतली तर २४ नव्हे, १२ रेषांतच काम भागते. हा शोध ज्याने स्वतः लावला, त्या मुलाला कोनाचा धडा पुन्हा समजावावा लागत नाही.

बोधचिन्हांचेही तेच. मायक्रोसॉफ्टचे चार चौकोन, ऑडीच्या चार कड्या, मास्टरकार्डची एकमेकांवर आलेली दोन वर्तुळे. ही मोठमोठी चिन्हे शाळेच्या कंपासपेटीतल्याच आकारांची आहेत, हे कळले की मुलाच्या मनातली भीती निम्मी होते. व्यवसायात बोधचिन्हे बनवायला याहून सोयीची साधने आहेत, हे मान्य. पण आपल्याला इथे कारागीर घडवायची घाई नाही, आधी विचार करायला शिकवायचे आहे.

पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला: “सर, आमच्या मुलाचं इंग्रजी कच्चं आहे, त्याला जमेल?” जमेल. सुरुवातीला पंधरा-वीस इंग्रजी शब्द पुरतात. विड्थ, हाइट, बॉर्डर, कलर, रोटेट. बाकी सगळी चर्चा मातृभाषेत होऊ शकते. संगणक म्हणजे इंग्रजी हा समज आपल्या मुलांना जितका मागे ठेवतो, तितकी गरिबीही कदाचित ठेवत नसेल.

उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी तर यात आणखी एक गोष्ट आहे. कित्येक वर्षे उर्दू मजकूर संकेतस्थळांवर चित्र म्हणून डकवला जायचा. तो शोधता येत नसे, नक्कल करता येत नसे. आज पानाला ‘उजवीकडून डावीकडे’ ही एक सूचना दिली की मजकूर आपल्या वळणाने वाहतो. मात्र ‘डावीकडून २० सोडा’ असे लिहिलेले अंतर उलटत नाही. ‘ओळीच्या सुरुवातीपासून २०’ असे लिहिले तर ते उर्दूत उजवीकडे आणि मराठीत डावीकडे आपोआप पडते. दोन लिप्यांत वाढलेल्या मुलाला हा फरक चटकन उमगतो. ज्याला आपण त्याचे ओझे समजतो, ते इथे त्याचे भांडवल ठरते.

दुसरा आक्षेप नवा आहे: आता लोगो एआय काढून देते, मग ही मेहनत कशाला? चित्र मिळते, हे खरे. पण त्या चक्रात २४ आरे आहेत की २२, हे मोजण्याची सवय कोण लावणार? ज्याने एकदा १५ अंशांचा हिशेब केला आहे, तोच मोजतो. बाकीचे मान डोलावतात.

शिक्षक मित्रांनो, यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहू नका. आठवड्यातला एक तास आणि दोघांत एक संगणक एवढ्यावर सुरुवात होते. आणि पालकहो, पुढच्या सभेत फीबरोबर एक प्रश्नही विचारा: आमच्या मुलाने या वर्षी संगणकावर स्वतः काय बनवले? उत्तर म्हणून प्रमाणपत्र दाखवले, तर समाधान मानू नका. पडदा दाखवा म्हणावे.