टक्केवारीच्या रांगेत न दिसणारी पोरं

दहावीचा निकाल लागला की अमरावती आणि अकोल्यातल्या शाळांची टक्केवारीनं रांग लावली जाते. त्या रांगेवर माझा विश्वास नाही. मी आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या हायस्कुलात गणित शिकवलं. आधी अमरावतीच्या धारणी तालुक्यात, मग आंतरजिल्हा बदलीनं अकोल्याच्या खारपाणपट्ट्यात.

धारणीत माझ्या दहावीच्या वर्गात बारा पोरं होती. एक नापास झाला की निकाल थेट ९१.६७. बहुतेकांच्या घरी कोरकू बोलत. ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. उदाहरणातली मराठी आधी उलगडायची, मग गणित. त्यात दिवाळीनंतर कुटुंबं कामाला बाहेर पडायची, ती होळीलाच परतायची. एक पोरगा असाच परीक्षेच्या तोंडावर आला. रात्री कंदिलाजवळ बसून आम्ही समीकरणं सोडवली. त्याला गणितात ४१ मिळाले. ते ४१ मला अजून पाठ आहेत.

उलट, एका नावाजलेल्या शाळेत नववीतल्या कच्च्या मुलांच्या पालकांना सतरा नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसण्याचा, फॉर्म भरायला सांगितलेलं मी पाहिलं. पोरं बाहेरून बसली, शाळेचा निकाल शंभर टक्के!

तुलना जरूर करा. पण आठवीत किती आले आणि त्यातले दहावी किती झाले, हे छापा. इयत्तावार पट सरकारच्या यू-डायस या शालेय नोंदणीत असतोच. शेजारी गणित-विज्ञानाची किती पदं रिकामी आहेत, तेही लिहा.