"टाइट करून देतो"

सायकलच्या ब्रेकची लिव्हर पार हँडलला टेकायला लागली की दुकानात ठरलेलं उत्तर मिळतं, "टाइट करून देतो." वायर ओढली, नट आवळला, दोन मिनिटांत काम खल्लास. माझ्या मते हा निव्वळ पॅच आहे. बग तसाच राहतो.

रबर झिजलं असेल तर ठीक, वायर ओढून काही दिवस भागतं. पण रबर आणि रिममध्ये दीड-दोन मिलिमीटरच फट असूनही लिव्हर स्पंजासारखी दबत असेल, तर आधी वायरचं कव्हर बघा. आमच्या जासईला खाडीची खारी हवा, त्यात पावसाळा. आतली वायर गंजते, कव्हरची टोकं चेपतात आणि बोटांचा जोर वाटेतच मुरतो. वायर आणि कव्हर, दोन्ही बदला. पिझ्झ्यापेक्षा स्वस्त पडतं!

(रिम स्टीलची असेल तर मात्र पावसात कितीही ॲडजस्ट करा, ॲल्युमिनियमसारखी पकड येत नाही.)

न्हावा-शेवा बंदराचे ट्रेलर इथे अगदी खेटून जातात हो. त्यांच्या मागे सायकल चालवताना मला लिव्हर अर्ध्यावरच घट्ट लागायला हवी.