पेरणाऱ्याला पीक दिसावे



स्मरणिकेचा नवा अंक वाचकांच्या हाती देताना यंदा एका उपेक्षित आनंदाविषयी लिहावेसे वाटते. आपला विद्यार्थी मोठा झालेला पाहण्याचा तो शिक्षकाचा आनंद. आईबाप मुलांची वाढ रोज पाहतात. शिक्षकाच्या वाट्याला मात्र त्या वाढीची दोनचार वर्षेच येतात. पुढे पाखराने कोणते आकाश गाठले, हे पुष्कळदा त्याच्या कानीही येत नाही.

बाबासाहेबांच्या चरित्रात हा आनंद आणि त्याची हुलकावणी, दोन्ही आढळतात. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा भीमराव हा कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींच्या वर्गातला विद्यार्थी नव्हता. तरीही गुरुजींनी त्याला ग्रंथ पुरविले, सत्कारसभेत स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले आणि महाविद्यालयीन शिक्षण खंडित होऊ नये म्हणून सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. महाडचा सत्याग्रह आणि गोलमेज परिषद गुरुजींच्या हयातीत झाली. १९३४ साली ते निवर्तले. त्यांनी हाती दिलेल्या बुद्धचरित्राचे बीज १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात कसे फळास आले, हे पाहावयास ते नव्हते. शिष्य मात्र विसरला नाही. आपल्या अखेरच्या महान ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी गुरुजींच्या त्या भेटीचा आवर्जून उल्लेख केला.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील प्राध्यापक एडविन कॅनन यांना हे भाग्य लाभले. १९२३ साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, त्याची प्रस्तावना त्यांची आहे. शिष्याची बरीचशी टीका आपणास मान्य नाही, असे त्यांनी तेथे स्वच्छ नमूद केले आणि त्याच लेखणीने त्याच्या विचारांतील ताजेपणा वाखाणला. आपल्यासारखा झालेला शिष्य कोणालाही आवडतो. स्वतंत्र बुद्धीने आपल्यापुढे उभा राहिलेला शिष्य पाहून ज्याचे मन भरून येते, तो खरा शिक्षक.

कोलंबिया विद्यापीठातील गुरू जॉन ड्यूई यांच्याबाबतीत मात्र काळाने घात केला. ५ जून १९५२ रोजी त्या विद्यापीठाने बाबासाहेबांना सन्माननीय पदवी अर्पण केली. ड्यूई १ जूनलाच निधन पावले होते. भेटीची आस धरून निघालेल्या शिष्याची गुरुभेट थोडक्यात हुकली.

बंधुभगिनींनो, आपणही कोणाचे तरी विद्यार्थी आहोत. कोणी खेड्यातल्या एकशिक्षकी शाळेत शिकले, कोणी मुंबईच्या सिद्धार्थमध्ये, कोणी औरंगाबादच्या मिलिंदमध्ये. फीचे पैसे स्वतःच्या खिशातून भरणारे, वसतिगृहात जागा मिळवून देणारे ते हात आता थकले आहेत. सुट्टीत मायदेशी गेल्यावर आपण दीक्षाभूमीचे दर्शन घेतो, लग्नकार्ये उरकतो, खरेदी करतो. त्या धावपळीत गुरुजींच्या दारी अर्धा तास बसावे. त्यांना भेटवस्तू नको असते. आपला शिकविलेला मुलगा माणूस म्हणून ताठ उभा आहे, एवढेच त्यांना पाहावयाचे असते.

येथील शिक्षकांचेही ऋण आपल्यावर आहे. आठवडाभर नोकरी करून रविवारी संस्कारवर्ग घेणारे आपले कार्यकर्ते मुलांना त्रिशरण-पंचशील शिकवितात, मराठीची ओळख करून देतात. अठराव्या वर्षी मुले विद्यापीठात जातात आणि वर्गाची वाट विसरतात. त्यांनी परत यावे, वाद घालण्यासाठी का होईना, पण यावे. मोडक्या मराठीत वा अस्खलित इंग्रजीत त्यांनी विचारलेला अवघड प्रश्न हीच त्या शिक्षकांची गुरुदक्षिणा होय. आणि शिक्षकांनीही तो प्रश्न कॅनन यांच्या मोठ्या मनाने ऐकावा.

चळवळीचे पीक पिढ्यांनी येते. ते पेरणाऱ्याच्या डोळ्यांना दिसावे, एवढे तरी आपल्या हाती आहे. या वर्षी प्रत्येक कुटुंबाने आपल्या एका शिक्षकाला पत्र लिहावे, ही नम्र विनंती.

भवतु सब्ब मंगलं.

– संपादक