दार लावून एक तास

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक नर्स राहते. मिरजेतल्या एका खासगी हॉस्पिटलात नोकरी, नवरा कुपवाडच्या एमआयडीसीत, तीन वर्षांची मुलगी आणि सासूबाई असा चौघांचा संसार. अख्खी इमारत तिला 'सिस्टर' म्हणते. मला ती काकू म्हणते.

तर त्या दुपारी चकलीच्या भाजणीचा डबा घेऊन मी तिच्या दाराशी गेले. बेल वाजवली. दार उघडेना, म्हणून पुन्हा वाजवली. मग चांगली मोठ्यानं हाकही मारली. दार उघडलं तेव्हा तिच्या गळ्यात हेडफोन आणि हातात पेन्सिल होती. "काही नाही काकू, या ना आत," असं ती म्हणाली खरी, पण चेहरा पार उतरलेला. टेबलावर एक कागद होता. त्यावर एक ते तीस आकड्यांपुढे उत्तरं लिहिलेली आणि शेवटच्या दहा जागा कोऱ्या. त्या दहा जागा माझ्या भाजणीनं खाल्ल्या होत्या!

नाइट ड्यूटी करून आलेली, चार तास झोपून उठलेली ही मुलगी 'आयईएलटीएस'च्या श्रवणाचा सराव करत होती. विलायतेत नर्स म्हणून नोंदणी हवी असेल तर तिथल्या नर्सिंग कौन्सिलला इंग्रजी येत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. या परीक्षेतून तो द्यायचा तर श्रवण, वाचन आणि संभाषण या तिन्हींत प्रत्येकी किमान सात आणि लेखनात साडेसहा गुण लागतात. गुणांची पट्टी नऊपर्यंत. फी अठरा हजारांच्या आसपास. एकदा ती परीक्षा देऊन आली होती. श्रवणात साडेसहा आणि वाचनात सहा मिळाले. अठरा हजार गेले आणि घरात "झाली की हौस" हे वाक्य ऐकावं लागलं, ते वेगळंच.

मला फार अपराधी वाटलं. मी म्हटलं, "अगं, मला सांग तरी हे काय असतं ते." आणि मैत्रिणींनो, त्या दिवसापासून गेले काही महिने मी तिच्याबरोबर या परीक्षेचा अभ्यास करतेय. मला कुठं जायचं नाहीये. पण तिला सोबत होते आणि माझंही काहीतरी शिकून होतं.

पहिल्याच दिवशी मी एक सराव परीक्षा दिली. बी.ए.ला मराठी घेतलेल्या मला चाळीसपैकी सोळा! खूप हसलो दोघी. पण नंतर विचार केला, की असं का व्हावं? मी इंग्रजी वर्तमानपत्र वाचते, अर्ज लिहिते, बँकेची पत्रं समजतात. मग ऐकताना दांडी का उडाली?

कारण सरळ आहे. आमच्या वेळी पाचवीपासून इंग्रजी असायचं. २००० सालापासून राज्यात ते पहिलीपासून सुरू झालं. पण दोन्ही पिढ्यांना इंग्रजी शिकवलं ते फळ्यावरून. धडा वाचा, शब्दार्थ लिहा, प्रश्नोत्तरं पाठ करा. डोळा तयार झाला, कान कोराच राहिला. पुस्तकात शब्द सुटे सुटे असतात, बोलण्यात ते एकमेकांच्या गळ्यात पडतात. 'नॉट ॲट ऑल' हे तीन शब्द कानावर 'नॉटॅटॉल' असे एकच होऊन येतात. यात इंग्रजांचा काही खोडसाळपणा नाही हं! आपण तरी काय करतो? पुस्तकात "तू कुठे चालला आहेस?" असतं आणि आपण म्हणतो "कुठं चाल्लायस?" पुस्तकावरून मराठी शिकलेला पाहुणा सांगलीच्या मंडईत आला तर त्याचीही अशीच गाळण उडेल.

या श्रवण परीक्षेचे चार भाग असतात, प्रत्येकी दहा प्रश्न, सुमारे तीस मिनिटं. पहिल्या भागात दोन माणसांचं रोजच्या व्यवहाराचं बोलणं, दुसऱ्यात एकट्याचं निवेदन, तिसऱ्यात अभ्यासाविषयीची चर्चा आणि चौथ्यात व्याख्यान. सगळं एकदाच ऐकायला मिळतं. ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे, अमेरिकेकडचे असे सगळे उच्चार त्यात येतात. आणि सापळे तरी किती! बाई फोनवर आधी 'ट्यूज्डे' म्हणते आणि लगेच "नाही, थर्स्डे" अशी दुरुस्ती करते. आपण मात्र पहिला वार लिहून मोकळे. 'थर्टीन' की 'थर्टी', 'फिफ्टीन' की 'फिफ्टी', हे नीट कळायला जोर कुठे दिला तिकडे लक्ष द्यावं लागतं. 'दोनच शब्दांत लिहा' असं सांगितलेलं असताना तीन लिहिले की उत्तर बाद. स्पेलिंग चुकलं तरी बाद. शेवटचा अनेकवचनाचा 'एस' कानातून निसटला की पुन्हा बाद.

आधी ती रोज एक नवी परीक्षा सोडवायची, गुण मोजायची आणि हिरमुसून झोपायची. तो अभ्यास नव्हता, ती नुसती मोजणी होती. रोज वजनकाट्यावर उभं राहिलं म्हणून वजन उतरतं का? मग आम्ही पद्धत बदलली. एकच ध्वनिफीत तीन वेळा ऐकायची. पहिल्यांदा अगदी परीक्षेसारखी, मध्ये न थांबवता. दुसऱ्यांदा जिथं उत्तर चुकलं तिथं थांबवून कानावर पडेल तसं लिहून काढायचं. आपल्या शाळेत बाई शुद्धलेखन घालायच्या ना, अगदी तसंच. तिसऱ्यांदा छापील संवाद समोर ठेवून, आवाजाबरोबर आपणही मोठ्यानं म्हणायचं. जो शब्द स्वतःच्या तोंडून त्या लयीत गेला तो पुढच्या वेळी कानाला ओळखीचा वाटतो.

शिवाय एक 'चुकांची वही' केली. दुधाच्या हिशेबाच्या वहीसारखेच रकाने: ऐकूच आलं नाही, ऐकलं पण स्पेलिंग चुकलं, सापळ्यात अडकले, प्रश्नच नीट वाचला नाही. पंधरा दिवसांनी बेरीज केली तेव्हा लक्षात आलं, की तिच्या निम्म्याहून जास्त चुका कानाच्या नव्हत्याच. प्रश्न वाचायला जी थोडी सेकंदं मिळतात त्यात ती मागच्याच चुकलेल्या उत्तरावर हळहळत बसायची. "गेलं ते गेलं, पुढचं बघ," हे आपण लेकीसुनांना नेहमी सांगतो. या परीक्षेत ते खरोखरच गुण मिळवून देतं.

वाचनाची तऱ्हा वेगळी. तीन मोठे उतारे, चाळीस प्रश्न, साठ मिनिटं. उत्तरं तपासायला जादा वेळ नाही. साधारण तीस उत्तरं बरोबर आली की सात गुण. आपली सवय अशी, की पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाशी थबकायचं. तसं केलं तर तिसऱ्या उताऱ्यापर्यंत पोचतच नाही. मी तिला म्हटलं, "पंचांगात मुहूर्त शोधताना आपण अख्खं पंचांग वाचतो का गं? तांदूळ निवडताना दाणा न् दाणा बघतो का? नजर खड्यावरच जाते." आधी मथळा आणि प्रत्येक परिच्छेदाची सुरुवात बघून कुठं काय आहे याचा अंदाज घ्यायचा, मग प्रश्न, आणि मग त्या उत्तरापुरता भाग बारकाईनं. अनोळखी शब्द दिसला तर आजूबाजूच्या वाक्यावरून अर्थ लावायचा आणि पुढं जायचं. उत्तर चुकलं म्हणून गुण कापत नाहीत, म्हणून एकही जागा कोरी सोडायची नाही.

सगळ्यात छळलं ते एका प्रश्नप्रकारानं. विधान दिलेलं असतं. ते उताऱ्याप्रमाणे खरं, खोटं की 'दिलेलं नाही', ते सांगायचं. एका सराव उताऱ्यात सिंकोना झाडाच्या सालीची आणि त्यापासून मिळणाऱ्या क्विनाइनची हकीकत होती. विधान होतं, की या औषधाचा काही दुष्परिणाम होत नाही. हिनं ठामपणे 'खोटं' लिहिलं. बरोबर उत्तर होतं 'दिलेलं नाही'. ती चिडली. "काकू, मी नर्स आहे, मला माहितीये दुष्परिणाम होतात ते!" अगं, तुला माहीत आहे, पण उताऱ्यात ते कुठं म्हटलंय? जितकी जास्त माहिती तितकी इथं फसगत.

त्या दिवशी घरी आल्यावर मी बराच वेळ विचार करत होते. आठवड्यातून दोन दिवस मी कौटुंबिक सल्ला केंद्रात बसते. समोर आलेली बाई दोन वाक्यं बोलते आणि आम्ही मनात तिची अख्खी कहाणी रचून मोकळ्या होतो. सासू अशीच असणार, नवरा पीतच असणार. तिनं ते सांगितलेलंच नसतं. 'दिलेलं नाही' हे तिसरं उत्तर आपल्याकडं नसतंच मुळी. आता केंद्रातली नोंद लिहिताना मी स्वतःला विचारते, हे ती म्हणाली, की मी धरून चालले?

पण खरी अडचण मला सांगायची आहे ती यापुढची. या परीक्षेला शब्द लागतात, सराव लागतो, हे सगळं खरं. पण सगळ्यात आधी लागतो तो सलग वेळ. श्रवणाला अर्धा तास, वाचनाला एक तास. मध्ये कुणी हाक मारायची नाही, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या नाहीत, दाराशी कोण आलं ते बघायचं नाही. घरातल्या कुठल्या बाईला असा तास मिळतो, सांगा बरं? आपलं वाचन भाजी निवडता निवडता, ऐकणं पोळ्या लाटता लाटता. दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत आपण आयुष्य काढतो आणि पुन्हा म्हणतो, "माझं मेलं लक्षच लागत नाही." लक्ष लागत नाही असं नाही, ते लागू दिलं जात नाही.

हिच्याही घरी भांडण झालं ते हेडफोनवरूनच. "कानात बोळे घालून बसते, हाक मारली तर ओ देत नाही," अशी सासूबाईंची तक्रार. त्यांचंही मी चुकलं म्हणणार नाही. सुनेनं हाकेला ओ द्यायची, हेच त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. मुलगा दहावीला असताना याच घरात टीव्हीवर कापड पडलं होतं. बाईच्या परीक्षेला ते का पडू नये, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

मी सासूबाईंशी बोलले. उपदेश केला नाही, नुसतं ऐकायला बसवलं. एक हेडफोन त्यांच्या कानाला लावला. कळलं काहीच नाही त्यांना. पण कीर्तनाला नेमानं जाणारी बाई ती. थोड्या वेळानं म्हणाल्या, "एवढं भराभर बोलतात होय? मग हिला मन एक करूनच बसावं लागत असेल." नवविधा भक्तीत पहिली भक्ती श्रवणाची, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. आता दुपारी तीन ते चार नात आमच्याकडं असते आणि सून आतल्या खोलीत दार लावून.

क्लासबद्दल दोन शब्द. शेजारच्या शहरातल्या एका क्लासनं तिच्याकडून 'सातची गॅरंटी' म्हणून भरपूर पैसे घेतले आणि झेरॉक्सचा गठ्ठा हातात दिला. सगळेच क्लास वाईट नसतात. लेखन आणि संभाषण तपासायला कुणीतरी जाणकार लागतोच. पण श्रवण आणि वाचन घरी करण्यासारखं आहे. परीक्षा घेणाऱ्या संस्थांचे नमुने त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर फुकट मिळतात. बीबीसीचा सहा मिनिटांचा इंग्रजी शिकवणारा कार्यक्रम मोबाइलवर फुकट ऐकता येतो, सोबत छापील संवादही असतो. पैसे भरण्याआधी एवढं करून बघा. आणि 'पेपर आधीच मिळेल' असं कुणी म्हणालं तर तिथून सरळ उठून या.

पुढच्या महिन्यात ती पुन्हा पुण्याला परीक्षेला जाणार आहे. सराव परीक्षेत श्रवणाची तेहेतीस-चौतीस उत्तरं बरोबर येतात. वाचनाची गाडी अठ्ठावीस-एकोणतीसवर अडते, एखाद्या दिवशी तीस. म्हणजे अगदी उंबरठ्यावर. काय होईल, मी सांगू शकत नाही. ती गेली तर मिरजेतली एक चांगली नर्स जाईल, याचंही वाईट वाटतं. पण जायचं की राहायचं, हे तिला ठरवू दे. दोन गुण कमी पडले म्हणून, आणि ते मी बेल वाजवली म्हणून, ते ठरायला नको.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात, शेजारी अशी कुणी असेल. नर्सिंगची असेल, बँकेच्या परीक्षेची असेल, चाळिशीत राहिलेलं बी.ए. पुरं करणारी असेल. तिला "ऑल द बेस्ट" म्हणाच. पण त्याबरोबर तिचं मूल तासभर सांभाळा आणि त्या वेळात तिला हाक मारू नका.

परवा दुपारी तीनला मी सवयीनं तिच्याकडं काही द्यायला गेले. बेलवर बोट ठेवणार तोच दार अर्धवट उघडलं. सासूबाई ओठांवर बोट ठेवून उभ्या होत्या. "चारनंतर या," कुजबुजल्या, "ती ऐकतेय."