परतफेड म्हणजे निर्दोषत्व नव्हे

कलकत्त्यातील एका कर्जप्रकरणात आरोपींनी ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्सशी वसुली न्यायाधिकरणापुढे तडजोड केली, रक्कम भरली आणि फौजदारी खटल्यातून मुक्तता मागितली. कलकत्ता उच्च न्यायालयाने ती नाकारली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानेही नाकारली. दिवाणी देणे फिटले म्हणून फसवणुकीचा आरोप पुसला जात नाही, हाच या निर्णयाचा अर्थ.

परंतु आदल्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या एका कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकावरील खटला आंध्र बँकेशी झालेल्या तडजोडीच्या आधारे रद्द केला होता. पुढे २०१४ साली मात्र, मुंबई उच्च न्यायालयाने अशाच तडजोडीवरून रद्द केलेला बँक-फसवणुकीचा दुसरा एक खटला त्याच न्यायालयाने पुन्हा उभा केला.

भुकेपोटी धान्याचे पोते उचलणाऱ्या मजुराने ते परत केले, तर त्याची कोठडी टळते काय? मग ही सवलत भांडवलदारालाच का? वरील दोन्ही बँकांचे राष्ट्रीयीकरण १९८० साली झाले होते. त्यांतील पैसा कष्टकऱ्यांच्या ठेवींचा होता. जनतेविरुद्धचा गुन्हा माफ करण्याचा अधिकार बँकेच्या व्यवस्थापनाला कोणी दिला?

अर्थात, खटला रद्द न होणे म्हणजे शिक्षा नव्हे. खरी लढाई तेथून सुरू होते. तारखांच्या ढिगाऱ्याखाली हे खटले गाडले जाऊ नयेत, संगनमत करणारे अधिकारीही सुटू नयेत, यासाठी बँक कर्मचारी व ठेवीदार यांनी संघटितपणे आवाज उठवला पाहिजे.